आधी पाणवठा, मग राजवंश : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकातील लेखानंतर कल्पित जगात खेळल्या जाणाऱ्या भूमिकांच्या खेळांविषयी, म्हणजे ज्यांना खेळणारे ‘आरपीजी’ म्हणतात त्यांच्याविषयी, बरीच पत्रे आली. त्यांतील सहा पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. ज्यांनी हा खेळ कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात, प्रत्येक जण एकेका पात्राची भूमिका घेतो आणि आपले पात्र काय करते ते तोंडी सांगतो. एक जण मात्र स्वतःचे पात्र न घेता उरलेले सगळे जग, म्हणजे गावे, माणसे, राक्षस, हवामान आणि नियम, सांभाळतो. निकाल काय लागेल हे जिथे सांगता येत नाही, तिथे फासा टाकतात. जग सांभाळणाऱ्याला खेळणारे ‘डीएम’ किंवा ‘गेम मास्टर’ म्हणतात. मी त्याला सूत्रधार म्हणतो, आणि अनेक बैठका चालणाऱ्या सलग खेळाला मोहीम.

प्रश्न : मी उन्हाळ्याच्या सुट्टीत एक जग रचले. तीन हजार वर्षांचा इतिहास, अकरा राजवंश, चार धर्म, दोन लिप्या आणि अख्ख्या खंडाचा नकाशा, अशी दोनशे पानी वही भरली. पहिल्या बैठकीत मित्रांनी त्यांतले काहीच विचारले नाही. त्यांनी धर्मशाळेच्या मालकाचे नाव विचारले, जे मी ठरवलेच नव्हते, आणि दोन तास ते त्याच्याशीच बोलत बसले. माझे काय चुकले?
*अभियांत्रिकीचा विद्यार्थी, सातारा*

तुमचा क्रम तेवढा उलटा झाला. वही टाकून देऊ नका, ती लागणार आहे. माणूस परक्या गावात उतरला की तिथल्या राजवंशाची चौकशी करत नाही. पाणी कुठे मिळेल, रात्री कुठे टेकता येईल, पुढची वाट धोक्याची आहे का आणि इथे कोणाच्या शब्दाला मान आहे, एवढेच तो विचारतो. तुमच्या मित्रांनी मालकाचे नाव विचारले, याचा अर्थ त्यांना तुमच्या जगात मुक्काम करायचा होता. सूत्रधाराला पहिल्याच बैठकीत याहून मोठी पावती मिळत नाही.

या खेळाचा जन्मही असाच लहान जागेत झाला आहे. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात, मिनियापोलिस आणि सेंट पॉल या जुळ्या शहरांत, डेव्ह आर्नेसन १९७१ पासून आपल्या मित्रांना ‘ब्लॅकमूर’ नावाच्या जगात खेळवत होते. त्या जगाच्या केंद्रस्थानी एक किल्ला होता, त्याच्या आसऱ्याने वसलेले गाव होते आणि किल्ल्याच्या पोटात भुयारे होती. खेळणारे भुयारांत उतरत, जीव वाचवून वर येत आणि पुढच्या खेपेला आणखी खोल जात. भोवतालचा मुलूख या जाण्यायेण्यातून वाढत गेला. पुढे विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा या गावचे गॅरी गायगॅक्स आणि आर्नेसन यांनी मिळून १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध केला. त्याच्या पहिल्या छपाईच्या सुमारे १००० प्रती होत्या, आणि त्या तीन पातळ पुस्तिकांत नियम होते, राक्षस होते, मंत्र होते, पण रचून तयार ठेवलेले जग नव्हते. जग ज्याचे त्याने रचायचे, हे त्यात गृहीतच धरलेले होते.

आधी विस्तीर्ण जग आणि मग खेळ, असेही घडलेले आहे. ग्रेग स्टॅफर्ड यांनी १९६६ मध्ये ‘ग्लोरांथा’ या जगाविषयी लिहायला सुरुवात केली आणि त्या जगात घडणारा ‘रूनक्वेस्ट’ हा खेळ आला १९७८ मध्ये. मधली बारा वर्षे पुराणकथांचा केवढा पसारा साठला असेल याची कल्पना करा. तरीही खेळणाऱ्याच्या हाती तो पसारा एका साध्या प्रश्नातून पोचतो: तुझे पात्र कोणत्या देवतेचे उपासक आहे? त्या उपासनेतून पात्राला मंत्र मिळतात, बंधने मिळतात, मित्र आणि वैरी मिळतात, आणि वाचून कंटाळा आला असता अशी कथा मग स्वतःच्या गरजेची होते. तुमच्या अकरा राजवंशांनाही असाच एखादा लहान दरवाजा हवा आहे.

तो कसा करावा, हे मी जुन्नरजवळच्या नाणेघाटाच्या उदाहरणाने सांगतो. कोकणातून देशावर चढणारी ही प्राचीन व्यापारी वाट. माथ्याजवळ खडक फोडून काढलेली अरुंद खिंड आहे, तिथेच एक लेणे आहे आणि त्याच्या भिंतींवर सातवाहनांची राणी नागणिका हिच्याशी जोडला जाणारा ब्राह्मी लेख आहे. त्या लेखात यज्ञांची नावे आणि त्यांत दक्षिणा म्हणून दिलेल्या गायी, घोडे आणि नाणी यांचे आकडे कोरलेले आहेत. आणि वर, घाटमाथ्यावर, एक भलामोठा दगडी रांजण आहे, ज्याला पिढ्यान्‌पिढ्या जकातीचा रांजण म्हटले जाते.

आता लेख बाजूला ठेवा आणि असा एक रांजण तुमच्या जगातल्या एखाद्या घाटात नेऊन ठेवा. एका बैलामागे किती नाणी टाकायची? मिठाच्या गोणीला सूट आहे का, आणि असेल तर ती कोणी मिळवून दिली? संध्याकाळी नाणी मोजताना किती जण हजर असावे लागतात? मोजलेली नाणी खाली कोण नेतो, आणि पावसाळ्यात वाट बंद असते तेव्हा त्याचे घर कशावर चालते? खेळणारे घाट चढून येतात, त्यांच्यातला एक जण थैलीतून नाणे काढून रांजणात टाकायला जातो, तोच जकातदार त्याचे मनगट धरतो, नाणे उलटे करून उजेडात पाहतो आणि म्हणतो, “हे चालायचं नाही. हा नवव्या घराण्याचा शिक्का आहे. हा शिक्का जवळ बाळगणाऱ्याला खालच्या चौकीवर बांधून ठेवतात.” या क्षणी खेळणारे नवव्या राजवंशाबद्दल विचारतील, आणि तुम्ही वही उघडून एक परिच्छेद सांगाल. त्यांनी ते नाणे मागच्या बैठकीत एका थडग्यातून उचलले असेल, तर दोन परिच्छेद सांगावे लागतील.

नकाशाबद्दलही हेच म्हणता येईल. डोंगर काढण्यापूर्वी वारा कोणत्या दिशेने येतो ते ठरवा. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि पूर्वेच्या उतारावरून उतरून तासाभरात वाईला पोचावे, तर तिथे त्याच्या पाचव्या हिश्शाइतकाही पडत नाही. डोंगराच्या एका अंगाला भात पिकतो आणि दुसऱ्या अंगाला ज्वारी-बाजरी, म्हणून दोन्हींकडच्या माणसांना एकमेकांची गरज लागते. गरज लागते म्हणून वाट पडते, वाट पडते म्हणून जकात बसते, आणि जकात बसते म्हणून वर किल्ला उभा राहतो. ज्या जगात किल्ला आधी उभा राहतो आणि वाट मागाहून पडते, तिथे खेळणाऱ्यांनी “हा किल्ला इथे का?” असे विचारले की सूत्रधार गडबडतो. नद्यांचेही तसेच. नद्या वरून खाली येताना एकमेकींना मिळतात. त्रिभुज प्रदेश सोडला तर एका नदीच्या दोन होऊन सहसा दोन समुद्रांना जात नाहीत, आणि नवशिक्यांच्या नकाशांत मला ही चूक सर्वाधिक वेळा दिसते. उलट, खऱ्या भूगोलात जे अजब आहे ते खुशाल घ्या: कृष्णा पश्चिम समुद्रापासून जेमतेम साठ-पासष्ट किलोमीटरवर उगम पावते, त्या समुद्राकडे पाठ फिरवते आणि १४०० किलोमीटर चालून पूर्वेच्या समुद्राला मिळते. अशा नदीच्या उगमाशी राहणाऱ्या आणि मुखाशी राहणाऱ्या लोकांनी एकमेकांना कधी पाहिलेही नसेल, पण पाणी मात्र एकच. एवढ्या एका गोष्टीवर वर्षभराची मोहीम चालते.

पुढच्या बैठकीसाठी एक वस्ती, तिच्यात येणारी-जाणारी एक वाट, तिथे ज्याची टंचाई आहे अशी एक वस्तू आणि त्या टंचाईमुळे एकमेकांशी न पटणारी सहा माणसे एवढेच लिहा. शिवाय वीस नावांची यादी करून ती शेजारी ठेवा. मालक, मांजर, नावाडी, तलवार, कोणाचेही नाव विचारले गेले तर यादीतले पुढचे नाव द्यायचे आणि समोर ते कोणाला दिले हे टिपून ठेवायचे. दिलेले नाव पुन्हा बदलू नका.

प्रश्न : सेनापती राजाविरुद्ध कट करतो अशी कथा मी महिनाभर खपून तयार केली होती. खेळणाऱ्यांनी कटाचे पत्र न वाचताच शेकोटीत टाकले आणि उत्तरेऐवजी दक्षिणेच्या वाटेला लागले. दोन्ही वाटांवर मी तोच दरोडेखोर आणि त्याच्याजवळ तेच पत्र ठेवले, तर माझे काम वाया जाणार नाही आणि त्यांना कळणारही नाही. यात गैर काय?
*बँक कर्मचारी, नागपूर*

कळते, हे मी अनुभवाने सांगतो. काही वर्षांपूर्वी मी हेच केले होते. आमच्या गटात एक मुलगी होती, जी प्रत्येक फाट्यावर थांबून चौकशी करायची: कोणत्या वाटेने गुरे जातात, चिखलात कोणाचे ठसे आहेत, वाटसरू काय म्हणतो. एकदा तिने पुरती चौकशी करून लांबची, पण सुरक्षित वाट निवडली, आणि तिथे मी जवळच्या वाटेसाठी ठरवलेला हल्ला घडवला. ती काही बोलली नाही. मात्र त्या दिवसानंतर फाट्यावर तिने कधीच काही विचारले नाही. “चला कुठूनही” एवढेच ती म्हणायची. तिचे विचारणे हेच आमच्या खेळातले सर्वांत सुंदर होते, आणि ते मी घालवले. खेळणाऱ्याने डोके चालवून जे निवडले त्याला काही अर्थच उरला नाही, तर उरलेल्या गोष्टीचा तो फक्त श्रोता होतो. ऐकण्यासाठी कीर्तन आहे, पाहण्यासाठी नाटक आहे. या खेळाजवळ स्वतःचे असे काही असेल तर ते निवडणे आहे, आणि ते काढून घेऊ नये.

तुमचे महिन्याचे काम वाचवता येईल. कथा पुसा आणि तिच्या जागी परिस्थिती लिहा. सेनापतीला काय हवे आहे, त्याच्याजवळ किती माणसे आणि किती पैसा आहे, त्याला कशाची भीती आहे आणि कोणीच आड आले नाही तर तो आठवड्या-आठवड्याने काय करील, हे कागदाच्या एका बाजूला मावते. समजा, पहिल्या आठवड्यात तो सैन्यासाठी धान्य उचलतो, दुसऱ्यात घाटातली चौकी स्वतःच्या माणसांच्या ताब्यात देतो, चौथ्यात राजाचा धाकटा भाऊ शिकारीला जातो आणि परत येत नाही. खेळणारे दक्षिणेला गेले ना, जाऊ द्या. दक्षिणेतही बाजारात धान्य महागलेले दिसेल, घाटातून आलेला तेली दुप्पट जकातीबद्दल बोटे मोडेल, आणि महिन्याभराने ते परत येतील तेव्हा राजवाड्यात सुतक असेल. पत्र जळले, पण कट जळला नाही.

आणि जी गोष्ट खेळणाऱ्यांना कळलीच पाहिजे, ती एकाच पत्रात कोंडू नका. तिच्याकडे नेणाऱ्या निदान तीन खुणा वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. एक त्यांच्या हातून नष्ट होईल, दुसरीचा ते भलताच अर्थ लावतील आणि तिसरी बहुधा लागू पडेल.

प्रश्न : मी गणित शिकवते. शाळेच्या ग्रंथालयात दर शनिवारी मुलांसाठी हा खेळ सुरू करायचा आहे. वीस बाजूंचा एक फासा घ्यावा की नेहमीचे सहा बाजूंचे दोन? फरक नेमका काय पडतो?
*शिक्षिका, कोल्हापूर*

जगाचा स्वभाव त्यावर ठरतो, म्हणून हा प्रश्न मला फार आवडला. वीस बाजूंच्या फाशावर प्रत्येक आकडा येण्याची शक्यता सारखीच, ५ टक्के असते. त्यामुळे निष्णात माणूसही वीसातून एकदा सपशेल फसतो आणि नवखाही तितक्याच वेळा बाजी मारतो. ते जग लहरी आणि साहसी असते. सहा बाजूंचे दोन फासे मिळून ३६ जोड्या होतात. त्यांतल्या सहा जोड्यांची बेरीज ७ येते, तर २ आणि १२ प्रत्येकी एकाच जोडीने. ६, ७ आणि ८ या तीन बेरजा मिळून १६ जोड्या, म्हणजे जवळजवळ ४४ टक्के. या जगात बहुतेक गोष्टी अपेक्षेप्रमाणे घडतात, आणि म्हणून अनपेक्षित घडले की ते लक्षात राहते.

मुलांकडून या दुसऱ्या प्रकारच्या फाशांनी एका जंगलाचा तक्ता करून घ्या. जंगलात वाटेवर काय भेटेल हे २ ते १२ या आकड्यांसमोर लिहायचे. ७ समोर काय असावे? मोळीवाले, गुराखी किंवा माकडे. ४ किंवा १० समोर अस्वल. १२ समोर अग्निसर्प, जो ३६ वेळा गेल्यावर सरासरीने एकदा दिसतो. कशाला कोणता आकडा द्यायचा यावर मुले वाद घालू लागली की समजा, ती जंगलाचाच विचार करत आहेत: इतके वाघ ठेवले तर हरणे किती लागतील, आणि अग्निसर्प रोज दिसू लागला तर गुराखी इथे राहतील का? तक्ता लिहिणे हेच जग रचणे आहे.

वीस बाजूंचा फासा घेणारच असाल, तर ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीतला एक नियम वर्गात उपयोगी पडेल. पात्राची बाजू वरचढ असेल तेव्हा दोन फासे टाकून मोठा आकडा धरतात. ११ किंवा अधिक हवे असता शक्यता ५० वरून ७५ टक्क्यांवर जाते, पण नेमके २० हवे असता ५ वरून फक्त ९.७५ वर. हे का, ते फळ्यावर सोडवायला सातवी-आठवीची मुले आनंदाने पुढे येतील. शिवाय ४, ६, ८, १२ आणि २० बाजूंचे फासे म्हणजे भूमितीतले पाच नियमित घनच आहेत. सारीपाटाचे लांबट फासे ज्यांच्या घरी असतील त्यांनी तेही आणावेत आणि त्यांवर कोणता आकडा किती वेळा येतो ते मोजावे.

एक नियम मात्र पहिल्या दिवसापासून पाळा: फसल्यावरही काही रंजक घडणार असेल तेव्हाच फासा टाकायचा. बंद दाराचे कुलूप उघडले नाही आणि पुढे काहीच घडले नाही, असे होत असेल तर त्या दाराला कुलूप नकोच.

प्रश्न : माझा चौदा वर्षांचा मुलगा शनिवारी रात्री मित्रांबरोबर इंटरनेटवरून हा खेळ खेळतो. भुते, मंत्र, राक्षस असे शब्द कानांवर येतात. नातेवाईक म्हणतात, मुले यात वाहवत जातात. मी काळजी करावी का?
*एक आई, ठाणे*

ताई, मंत्र आणि राक्षस यांची काळजी करू नका. अमेरिकेत १९७९ मध्ये मिशिगन राज्यातील एक विद्यार्थी नाहीसा झाला, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याचा संबंध या खेळाशी जोडला. तो जिवंत सापडला आणि त्याच्या जाण्याची कारणे खेळात नव्हती हेही कळले, पण तोवर भीती पसरली होती आणि १९८० चे जवळजवळ सगळे दशक ती टिकली. ज्या मुलांवर तेव्हा संशय घेतला गेला, ती आज स्वतःच्या मुलांना हा खेळ शिकवत आहेत.

काळजी दुसऱ्या दोन गोष्टींची करा. पहिली, सूत्रधार कोण आहे? तो मुलाच्या ओळखीचा समवयस्क असेल तर ठीक. कोणी अनोळखी मोठा माणूस असेल तर तुम्ही त्याच्याशी बोलल्याशिवाय खेळ नको, आणि यात संकोच करू नका. दुसरी, बैठक संपण्याची वेळ आधी ठरलेली असावी. तीन तास पुरेसे असतात. चांगले गट पहिल्या बैठकीआधी एकत्र बसून कोणते विषय खेळात नकोत हे बोलून घेतात. अनेक ठिकाणी फुलीचे एक कार्ड टेबलावर ठेवतात. कोणीही त्यावर बोट ठेवले की चालू प्रसंग कारण न विचारता सोडून द्यायचा. मुलाला विचारा, तुमच्यात असे काही ठरले आहे का. आणि एका शनिवारी त्याच्या परवानगीने शेजारी बसून ऐका. चार मुले अर्धा तास फक्त पूल कसा ओलांडायचा यावर तावातावाने बोलताना ऐकलीत, की नातेवाइकांना काय सांगायचे ते तुमचे तुम्हालाच सुचेल.

प्रश्न : आम्हाला खेळाचे नियम मराठीत छापून गावोगावच्या वाचनालयांना द्यायचे आहेत. परवानगी लागेल का?
*वाचनालयाचे कार्यकर्ते, म्हापसा*

विकत मिळणाऱ्या पुस्तकांचे भाषांतर परवानगीशिवाय छापता येणार नाही. पण पाचव्या आवृत्तीच्या मूळ नियमांचा ‘एसआरडी ५.१’ नावाचा संच जानेवारी २०२३ मध्ये ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’च्या श्रेयनिर्देश परवान्याखाली खुला झाला आहे. त्याचे भाषांतर करता येते, छापता येते, विकताही येते. त्या परवान्यात सांगितल्याप्रमाणे श्रेय द्यावे आणि बदल केले असल्यास तसे नमूद करावे. संचात नसलेली पात्रे, चित्रे आणि कथा घेऊ नका. भाषांतर अख्खे करण्यापेक्षा वीस पानांत मावेल एवढाच भाग आधी करा आणि तो दोन-तीन वाचनालयांत खेळवून पाहा.

प्रश्न : आम्ही अमेरिकेत राहतो. मुले हा खेळ इंग्रजीतच खेळतात. त्यांच्यासाठी मला मराठीत मोहीम चालवायची आहे, पण मराठीत बोलू लागले की सगळे एकतर पौराणिक मालिकेसारखे वाटते किंवा हास्यास्पद. वेताळ, मुंजा, हडळ यांना आणावे का? भाषेचे काय करावे?
*न्यू जर्सीहून एक वाचक*

नियमांचे शब्द आहेत तसे राहू द्या. पात्र किती मार सोसू शकते त्या आकड्याला मुले ‘हिट पॉइंट’ म्हणतात तर तसेच म्हणा. त्याला ‘आघातगुण’ म्हटल्याने मराठीचे काही भले होत नाही. मराठी लागते ती माणसांच्या तोंडी, आणि तिथे तुमच्या हाती असे एक हत्यार आहे जे इंग्रजीत खेळणाऱ्या सूत्रधाराजवळ नाही: तू, तुम्ही आणि आपण. खेळणारे पाटलाच्या वाड्यावर जातात. पाटील त्यांना “या, बसा” म्हणतो, पाणी मागवतो, प्रवासाची चौकशी करतो. मग त्यांच्यातला एक जण सहज म्हणून विहिरीजवळच्या बुजवलेल्या वाटेबद्दल विचारतो. पाटील तांब्या खाली ठेवतो आणि म्हणतो, “तुला कोणी सांगितलं?” एवढ्यावर टेबल गप्प होते. फासा नाही, वर्णन नाही, एका ‘तुला’ने सगळे सांगितले. तुमची मुले परदेशात वाढली असली तरी घरात आजीला ‘तू’ आणि आजोबांना ‘तुम्ही’ म्हणत असतील, तर हा बदल त्यांच्या कानाला आधीपासून माहीत आहे. पौराणिक वाटते ते संस्कृत शब्दांच्या भारामुळे; तुमच्या आजोळी जशी माणसे बोलत तसे पात्रांना बोलू द्या.

वेताळ आणि मुंजा यांना जरूर आणा, पण नुसते तलवारीने मारायचे राक्षस म्हणून नव्हे. आपल्याकडचे हे लोक जागेला आणि कशा ना कशा राहून गेलेल्या गोष्टीला बांधलेले असतात. मुंजा पिंपळावर असतो, कारण मुंज झाली आणि पुढचे आयुष्य राहून गेले. कोकणातला गिऱ्हा पाण्याजवळ असतो. राखणदार सीमेवर असतो आणि त्याचा मान ठेवला तर तो वाटही दाखवतो. त्यामुळे मुंजाशी गाठ पडली की खेळणाऱ्यांसमोरचा प्रश्न त्याला मारायचे कसे हा नसतो, तर त्याचे राहिले काय आणि ते पुरे कोण करणार हा असतो. पिंपळ तोडला तर तो जाईल कुठे, हेही त्यांना विचारा. मात्र ज्या देवतेला तुमच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या घरी आज हात जोडले जातात, तिला खेळात प्रतिस्पर्धी करू नका. राखणदारही अनेकांसाठी गोष्टीतला नसून रोजच्या श्रद्धेतला आहे. त्याला खेळात आणाल तर तुमच्या जगातला वेगळ्या नावाचा, वेगळ्या सीमेवरचा रक्षक म्हणून आणा.

गावांच्या नावांत मराठीने तुमच्यासाठी सगळे तयार करून ठेवले आहे. पिंपळगाव, वडगाव, उंबरगाव म्हटले की झाड दिसते. वाडी म्हटले की ती कोणा मोठ्या गावातून फुटून निघालेली असते, पूर किंवा आबाद म्हटले की कोणीतरी ते मुद्दाम वसवलेले असते, पेठ म्हटले की तिथे बाजार असतो. आणि खुर्द व बुद्रुक ही जोडी तर सूत्रधारासाठीच बनवल्यासारखी आहे: फारसीतून आलेले हे दोन शब्द, एकाचा अर्थ धाकटे आणि दुसऱ्याचा थोरले, आणि महाराष्ट्रात एकाच नावाची अशी जोडगावे जागोजागी दिसतात. तुमच्या पहिल्या नकाशावर नदीच्या काठाने एकच गाव काढा आणि त्याखाली ‘निंबगाव खुर्द’ असे लिहा. पलीकडचा काठ कोरा ठेवा. निंबगाव बुद्रुक कुठे आहे असे मुलांपैकी कोणी ना कोणी विचारेलच. तेव्हा नावाड्याला वल्हे थांबवू द्या, पण त्याला उत्तर देऊ देऊ नका.